आकडेमोड : प्रबंधाच्या आकड्यांनाही व्हाउचर हवं



या सदरात आपण एरवी घरखर्च, मुदत ठेवी, विमा, इच्छापत्र असे विषय घेतो. या वेळचा विषय जरा वेगळा आहे, कारण प्रश्नच तसा आला. मंडळाच्या एका जुन्या सभासद काकूंनी विचारलं, "आमची सून कॉमर्समध्ये पीएच.डी. करते. एम.कॉम.ला पहिला वर्ग, ताळेबंद तिला झोपेतही जमेल. मग रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ती कॉम्प्युटरवर कसल्या ओळी लिहीत बसते? आणि चार वर्षं झाली तरी काम संपत का नाही?" त्याच आठवड्यात दोन विद्यार्थ्यांनीही विचारलं, "कुठलं सॉफ्टवेअर शिकू?" तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे, म्हणून हा लेख.

लेखाशास्त्रातलं संशोधन म्हणजे हिशेब लिहिणं नव्हे. हिशेब लिहिल्यानंतर जगात काय होतं, ते शोधणं. १९६८ साली रे बॉल आणि फिलिप ब्राउन यांनी अमेरिकेतल्या २६१ कंपन्यांचे नफ्याचे आकडे आणि त्यांच्या शेअरचे भाव एकत्र ठेवून पाहिले. कंपनीने नफा जाहीर केला की बाजाराला त्यातून काही नवं कळतं का, एवढाच प्रश्न. उत्तर असं निघालं की नफ्याच्या आकड्यात अर्थ नक्की असतो, पण त्यातला बराचसा अर्थ वार्षिक आकडा जाहीर होण्याआधीच भावात उतरलेला असतो. पुढे १९९७ साली बर्गस्टालर आणि डिचेव्ह यांनी हजारो कंपन्यांचे नफे-तोटे एका आलेखावर मांडले. शून्याच्या किंचित डावीकडे, म्हणजे अगदी थोडा तोटा झालेल्या कंपन्या अपेक्षेपेक्षा कमी. किंचित उजवीकडे, म्हणजे अगदी थोडा नफा झालेल्या, अपेक्षेपेक्षा जास्त. थोडा तोटा दिसणार असेल तर तो ओढूनताणून नफ्यात नेला जातो, असा अर्थ त्यांनी लावला.

एका ताळेबंदात असा खड्डा कधीच दिसत नाही. हजारो ताळेबंद शेजारी शेजारी लावले तरच दिसतो. काकूंच्या सूनबाई रात्री करतात ते हे 'शेजारी शेजारी लावणं'. त्याला हिशेबाचं ज्ञान लागतंच, पण त्याबरोबर आकडे गोळा करणं, निवडणं, जोडणं आणि तपासणं हेही लागतं. आणि हे आपल्याकडे बी.कॉम., एम.कॉम.ला फारसं कुणी शिकवत नाही.

एक्सेल कुठवर पुरतं?

एक्सेल सगळ्यांच्या हातचं आहे आणि छोट्या कामाला उत्तम आहे. पण त्याच्या मर्यादा माहीत हव्यात. आजच्या एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात, जुन्या पद्धतीच्या फाइलमध्ये फक्त ६५,५३६. २०२० साली इंग्लंडमध्ये कोविडच्या सुमारे १६ हजार रुग्णांची नोंद वेळेवर मोजणीत आली नाही, कारण प्रयोगशाळांचे निकाल जुन्या पद्धतीच्या फाइलमध्ये भरले जात होते आणि पान भरल्यावर उरलेल्या ओळी बाहेरच राहिल्या.

दुसरी खोड म्हणजे एक्सेल आपल्याला न विचारता आकडे 'सुधारतं'. अमेरिकन माहितीसाठ्यात कंपन्यांचे क्रमांक शून्यापासून सुरू होऊ शकतात. एक्सेलमध्ये फाइल उघडून परत साठवली की पुढची शून्यं गायब होतात आणि मग दुसऱ्या यादीशी तो क्रमांक जुळत नाही. काही मजकुरांच्या तारखा होतात. जनुकशास्त्राच्या मंडळींना याचा इतका त्रास झाला की २०२० साली काही जनुकांची नावंच बदलावी लागली.

पण खरी अडचण वेगळीच आहे. एक्सेलमध्ये तुम्ही माउसने काय केलं, कुठली ओळ काढली, कुठला आकडा हाताने बदलला, याची नोंद मागे राहत नाही. सहा महिन्यांनी मार्गदर्शकांनी विचारलं, "या १४ कंपन्या का वगळल्या?" तर उत्तर आठवणीवर अवलंबून. कोड लिहायचा तो यासाठी. कोड म्हणजे केलेल्या प्रत्येक कृतीची लेखी नोंद, जी पुन्हा चालवली की तेच उत्तर येतं.

आता सॉफ्टवेअर कुठलं? लेखाशास्त्रात स्टाटा बरंच वापरलं जातं, सॅसही. दोन्ही विकत घ्यावी लागतात. आर आणि पायथन पूर्ण मोफत आहेत आणि प्रबंधाला लागतं ते बहुतेक सगळं त्यांत होतं. माझा सल्ला साधा आहे. तुमचे मार्गदर्शक किंवा तुमच्या पुढचे दोन विद्यार्थी जे वापरतात, ते शिका. अडल्यावर रात्री अकराला विचारायला माणूस असणं, हे सॉफ्टवेअरच्या कुठल्याही गुणापेक्षा मोलाचं. कुणीच नसेल तर आर किंवा पायथन घ्या. एकच नीट शिका, चारांची तोंडओळख नको. त्याच्या जोडीला एसक्यूएलची प्राथमिक ओळख करून घ्या, कारण मोठे माहितीसाठे त्याच भाषेत बोलतात आणि दोन याद्या कशा जोडायच्या, हा विचार त्यातून पक्का होतो.

आपल्याकडच्या आकड्यांचे स्वभाव

परदेशी पुस्तकातले धडे गिरवून आपल्याकडचे आकडे हाताळायला गेलं की ठेच लागते. भारतीय कंपन्यांच्या माहितीसाठी बरेच संशोधक सीएमआयईचा 'प्रोवेस' वापरतात. तो विकतचा आहे, तेव्हा आधी विद्यापीठाच्या ग्रंथालयात चौकशी करा. नोंदणीकृत कंपन्यांचे वार्षिक अहवाल शेअर बाजाराच्या संकेतस्थळांवर मोफत मिळतात. स्रोत कुठलाही असो, पुढच्या पाच गोष्टी पहिल्याच दिवशी तपासा.

पहिली, एकक. एक कंपनी आकडे लाखांत देते, दुसरी कोटींत, तिसरी दशलक्षांत. हाताने आकडे उतरवताना एकाच स्तंभात तिन्ही आली की छोटी कंपनी शंभरपट मोठी दिसते.

दुसरी, वर्ष. २०१३च्या कंपनी कायद्याने आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपवणं जवळपास सगळ्यांना बंधनकारक केलं. त्याआधी कुणी डिसेंबरला वही बंद करी, कुणी जूनला, कुणी सप्टेंबरला. बदल करताना काहींचं एक 'वर्ष' १५ महिन्यांचं झालं, काहींचं ९ महिन्यांचं. १५ महिन्यांचा नफा शेजारच्या १२ महिन्यांच्या नफ्याशी ताडून पाहिला तर कंपनीने मोठी झेप घेतली, असं वाटेल. झेप वगैरे काही नाही, कॅलेंडर लांबलेलं.

तिसरी, ओळख. कंपनीचा सीआयएन हा २१ अक्षरांचा क्रमांक कायमचा आहे, असं विद्यार्थी धरून चालतात. तसं नाही. त्याचं पहिलं अक्षर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे की नाही हे सांगतं, मधली दोन अक्षरं राज्य सांगतात. हैदराबादकरांना याचं उदाहरण लांब शोधायला नको. तेलंगण वेगळं झाल्यावर इथल्या कंपन्यांच्या सीआयएनमधल्या 'एपी'च्या जागी 'टीजी' आलं. कंपनी तीच, कार्यालय तेच, पण जुनी यादी आणि नवी यादी सीआयएनवर जोडायला गेलात तर जुळत नाही. शेअरचा आयएसआयएनही दर्शनी किंमत बदलली की बदलतो. म्हणून आधी एक 'ओळखयादी' करा : आपला स्वतःचा क्रमांक, आणि त्यासमोर कंपनीची जुनी-नवी नावं आणि क्रमांक, कुठल्या तारखेपासून कुठपर्यंत ते.

चौथी, वेळ. ३१ मार्चचा नफा ३१ मार्चला कुणालाच माहीत नसतो. लेखापरीक्षण झालेले वार्षिक निकाल जाहीर करायला सूचीबद्ध कंपन्यांना ६० दिवसांची मुदत असते. तेव्हा 'गुंतवणूकदारांनी नफा पाहून काय केलं' हे तपासायला ३१ मार्चचा भाव घेतला, तर गुंतवणूकदारांना भविष्य दिसत होतं असं गृहीत धरल्यासारखं होतं. निकालाची तारीख शोधा आणि तिथून मोजा.

पाचवी, गेलेल्या कंपन्या. आज बाजारात असलेल्या कंपन्यांची यादी घेऊन मागे दहा वर्षं गेलात, तर मधल्या काळात बुडालेल्या आणि विलीन झालेल्या सगळ्या निसटतात. मागे टिकलेल्याच राहतात आणि प्रबंध सांगतो की सगळं छान आहे.

आणि एक गोष्ट सॉफ्टवेअर कधीच सांगणार नाही. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर्सच्या अध्यक्षांचं पत्र आलं, तेव्हा कळलं की रोख आणि बँकेतल्या ५,३६१ कोटींपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. हैदराबादेत त्या दिवशी किती घरांत चूल थंड होती, ते आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. तोवरच्या ताळेबंदातली बेरीज मात्र अचूक जुळत होती. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून आकडा कोडमध्ये टाकण्याआधी काही कंपन्यांचे मूळ अहवाल, त्यांच्या टिपा आणि लेखापरीक्षकांचा शेरा, स्वतः डोळ्यांनी वाचायलाच हवा.

ओळी मोजा

आता एक घडलेली गोष्ट सांगते. मुलीची ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील मुद्दाम गाळले आहेत. स्वतंत्र संचालक जास्त असलेल्या कंपन्या नफा कमी फुगवतात का, असा तिचा विषय. पाचवं वर्ष सुरू होतं. निकाल हवा तसा आला होता, त्यावरचा एक लेख परिषदेसाठी स्वीकारलाही गेला होता. ती माझ्याकडे आली ती तक्ते नीटनेटके करून घ्यायला. मी सवयीने विचारलं, "कंपन्या किती?" "सहाशे." "वर्षं?" "दहा." "मग ओळी सहा हजारांपेक्षा जास्त कशा?"

तिला उत्तर देता येईना. आम्ही मागे मागे गेलो. उपकंपन्या असलेल्या मोठ्या कंपन्या दोन प्रकारचे हिशेब देतात : एक फक्त स्वतःचे आणि एक सगळ्या समूहाचे एकत्रित. माहितीसाठ्यातून दोन्ही उतरवले गेले होते. ती यादी संचालकांच्या यादीशी जोडताना स्टाटाने आधी चूक दाखवली होती, की एकाच कंपनीच्या एकाच वर्षाच्या दोन ओळी आहेत. तेव्हा तिला कुणीतरी सांगितलं, "१:१ ऐवजी एम:एम लिही, चालेल." चाललं. स्टाटाची स्वतःची माहितीपुस्तिका सांगते की एम:एम जोडणी वाईट कल्पना आहे, पण पुस्तिका वाचतो कोण? मोठ्या कंपन्या दोनदा मोजल्या गेल्या, आणि निकालाला जो जोर होता तो बराचसा त्यांचाच होता. जादा ओळी काढल्यावर परिणाम इतका क्षीण झाला की सांख्यिकीच्या कसोटीला उतरेना.

त्या मुलीपुढे दोन वाटा होत्या. हे फक्त आम्हा दोघींना माहीत होतं. घरी लग्नाची बोलणी थांबलेली, शिष्यवृत्ती संपलेली, वडील निवृत्त. "मॅडम, असंच दिलं तर कोण बघणार आहे?" हे ती म्हणाली नाही, पण तिच्या चेहऱ्यावर तो प्रश्न होता, आणि त्याबद्दल मी तिला दोष देत नाही. दोन दिवसांनी ती स्वतःच सरांकडे गेली आणि सगळं सांगितलं. सर आधी चिडले, मग बराच वेळ गप्प बसले, आणि म्हणाले, "लेख मागे घेऊ. प्रकरण परत लिही." प्रबंध आणखी आठ महिन्यांनी गेला. त्यात तिने सरळ लिहिलं की अपेक्षित परिणाम आढळला नाही, आणि का आढळला नसावा याची चर्चा केली. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला तो ओळींच्या संख्येबद्दल. तिच्याकडे एक तक्ता तयार होता : सुरुवातीला इतक्या ओळी, या कारणाने इतक्या गेल्या, शेवटी इतक्या उरल्या.

अशा चुका मोठ्यांच्याही होतात. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या हार्वर्डच्या अर्थतज्ज्ञांनी २०१० साली लिहिलं की सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलं की वाढीचा सरासरी दर उणे ०.१ टक्के होतो. जगभरच्या सरकारांनी काटकसरीच्या समर्थनाला तो लेख वापरला. २०१३ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने वर्गातला गृहपाठ म्हणून तो हिशेब पुन्हा करायला घेतला. जुळेना. लेखकांनी त्याला मूळ एक्सेल फाइल पाठवली, तेव्हा दिसलं की सरासरीच्या सूत्रात ३० ते ४९ ओळींऐवजी ३० ते ४४ एवढ्याच आल्या होत्या. पाच देश बाहेर राहिले होते. त्याशिवाय काही वर्षं वगळणं आणि देशांना वजन देण्याची पद्धत यांवरही त्याने आणि त्याच्या प्राध्यापकांनी आक्षेप घेतले. त्यांच्या हिशेबाने सरासरी आली अधिक २.२ टक्के. लेखकांनी सूत्रातली चूक मान्य केली, मुख्य निष्कर्षावर मात्र ते ठाम राहिले. त्यांनी फाइल दिली, हे मला यात महत्त्वाचं वाटतं. फाइल मिळाली म्हणून चूक सापडली. आता जर्नल ऑफ अकाउंटिंग रिसर्चसारखी नियतकालिकं लेखाबरोबर कोडही मागतात.

आपलीच शिस्त, आपल्याच कामाला

गंमत अशी की हे सगळं कॉमर्सच्या विद्यार्थ्याला नवं नसावं. व्हाउचरशिवाय नोंद नाही, रोजकीर्दीशिवाय खतावणी नाही, तेरीज जुळल्याशिवाय ताळेबंद नाही, हे आपण अकरावीपासून शिकतो. तीच शिस्त प्रबंधाला लावायची.

मूळ उतरवलेली फाइल म्हणजे व्हाउचर. ती एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, कुठून आणि कुठल्या तारखेला घेतली ते लिहा, आणि तिला पुन्हा कधीही हात लावू नका. दुरुस्ती करायची ती कोडमधून, नव्या फाइलमध्ये. कोड म्हणजे रोजकीर्द. प्रत्येक फाइलला क्रमांक द्या : ०१ साफसफाई, ०२ जोडणी, ०३ तक्ते. 'फायनल', 'फायनल नवीन', 'खरंच फायनल' ही नावं बंद. कोडमध्ये मराठीत टीप लिहिली तरी हरकत नाही, फक्त 'काय केलं' यापेक्षा 'का केलं' ते लिहा. तक्ते आणि आलेख म्हणजे ताळेबंद. ते कोडमधूनच निघायला हवेत, हाताने टाइप केलेला एकही आकडा नको.

आणि तेरीज? प्रत्येक जोडणीनंतर ओळी मोजा : आधी किती, नंतर किती, न जुळलेल्या किती आणि त्या कुठल्या. एका कंपनीची एका वर्षी एकच ओळ आहे ना, हे कोडलाच तपासायला लावा, म्हणजे नसेल तर तो तिथेच थांबेल. डोळे मिटून दहा कंपन्या निवडा आणि त्यांचे आकडे छापील अहवालाशी ताडून पाहा. टोकाचे आकडे किती छाटायचे, हे निकाल बघण्याआधी ठरवा आणि लिहून ठेवा. निकाल पाहून ठरवलं तर तो स्वतःच्याच खात्यात फेरफार केल्यासारखा प्रकार होतो.

आता चॅटजीपीटीसारखी साधनं मागाल तो कोड लिहून देतात. जरूर वापरा, विशेषतः अडकलात तर. पण पाच-सहा ओळींची छोटी यादी स्वतः तयार करा, तिचं उत्तर आधी कागदावर काढा, आणि तो कोड तेच उत्तर देतो का ते पाहा. विकत घेतलेल्या माहितीसाठ्यातले आकडे मात्र अशा साधनांत टाकू नका, बहुतेक करारांत त्याला मुभा नसते.

शिकायला किती वेळ लागतो? रोज एक तास दिला तर तीन महिन्यांत कामापुरतं येतं. पहिल्या महिन्यात वीस कंपन्यांची पाच वर्षांची यादी घ्या आणि फक्त वाचणं, निवडणं, मोजणं करा. दुसऱ्या महिन्यात ती यादी दुसऱ्या यादीशी जोडा. तिसऱ्या महिन्यात बॉल आणि ब्राउन यांच्यासारखा एखादा जुना अभ्यास आपल्या छोट्या यादीवर करून पाहा. प्रबंधाचा मोठा डोंगर त्यानंतर.

घरच्यांसाठी दोन शब्द. "अजून झालं नाही का?" हा प्रश्न थोडे दिवस बाजूला ठेवा. त्याऐवजी आठवड्यातून एकदा विचारा, "या आठवड्यात काय तपासलंस?" उत्तर समजलं नाही तरी ऐका. बोलून दाखवताना स्वतःचीच चूक बऱ्याचदा सापडते. आणि एक पोर्टेबल हार्ड डिस्क भेट द्या. लॅपटॉप बंद पडला आणि चार वर्षांचं काम गेलं, असं कुणाच्याही घरी होऊ नये. कामाची एक प्रत लॅपटॉपवर, एक हार्ड डिस्कवर आणि एक घराबाहेर कुठेतरी साठवलेली, अशा तीन प्रती हव्यात.

काकू, सूनबाईंना माझा निरोप द्या : अडलं तर फाइल घेऊन या. येण्याआधी फक्त ओळी मोजून ठेवा.

पुढच्या अंकात बँकेतल्या वारसनोंदीबद्दल. तोवर प्रश्न पाठवत राहा.